घर जळालं, आता पुढे काय? वस्तीवरच्या कुटुंबाला पुन्हा उभं करताना

फेब्रुवारी सरत आला की सोलापूर जिल्ह्यातलं शिवार पेटायला निमित्तच शोधत असतं. ज्वारी काढून झालेली, कडब्याच्या गंज्या घरालगत रचलेल्या, ऊस गेलेल्या फडात एकरी तीन-चार टन पाचट वाळून पडलेलं, माळावरचं कुसळी गवत काडेपेटीतल्या काडीसारखं. कुणी बांध पेटवतं, कुणी पाचट, कुठे वाऱ्याने दोन तारा एकमेकींना घासतात. दुपारच्या वाऱ्यावर ती आग दोन बांध ओलांडून वस्तीवर येते. अग्निशमनची गाडी तालुक्याच्या गावाहून किंवा कारखान्यावरून निघून पोचेपर्यंत घर, गोठा, गंजी यांतलं फारसं काही उरलेलं नसतं.

हे लिहिलंय ते त्या कुटुंबाभोवती धावून येणाऱ्यांसाठी: भाऊबंद, शेजारी, तरुण मंडळाची पोरं, शाळेतले गुरुजी. ज्याचं घर गेलं त्याला पहिले आठ-दहा दिवस काही सुचत नाही, आणि वर्षभर पुरतील असे निर्णय नेमके त्याच दिवसांत होतात. त्यातला सगळ्यात महाग पडणारा निर्णय गाव चांगुलपणानेच घेतं. दुसऱ्या दिवशी सकाळी कुणीतरी ट्रॅक्टर-ट्रॉली आणतं, दहा पोरं फावडी घेऊन उतरतात आणि दुपारपर्यंत जागा लख्ख होते. संध्याकाळी तलाठी पंचनाम्याला येतो तेव्हा त्याला दिसते मोकळी जागा. राखेत काय होतं हे मग कुणालाच सांगता येत नाही, दागिन्यांचं सोनं ट्रॉलीबरोबर खड्ड्यात गेलेलं असतं आणि आग कशाने लागली याचा पुरावाही. म्हणून आधी नोंद आणि मगच फावडं.

आधी जीव

भाजलेल्या जागेवर साधं वाहतं पाणी वीस मिनिटं सोडायचं. हळद, टूथपेस्ट, शाई, तूप काही लावायचं नाही. डॉक्टरला ते खरवडून काढावं लागतं. धूर छातीत गेलेल्या माणसाला त्या दिवशी कधी कधी काही वाटत नाही, पण आवाज घोगरा झाला, नाकातले केस जळालेले दिसले किंवा थुंकीत काजळी आली तर १०८ बोलवा, घरी ठेवू नका. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत भाजल्याचे उपचार बसतात. रेशनकार्ड जळालं म्हणून कुणी परत पाठवलं तर रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला कार्डाचा नंबर सांगा. नंबर रेशन दुकानदाराकडे असतोच.

घरात पाय ठेवण्याआधी वीज खांबावरून तोडून घ्या. मीटर जळालं म्हणजे वीज गेली असं नाही. सर्व्हिस वायर जिवंत राहून पत्र्याला टेकलेली असू शकते. महावितरणचा क्रमांक १९१२. सिलिंडर जळाला असेल, फुगला असेल, नुसता तापला असेल, तरी हात लावायचा नाही. वास येत असेल तर गॅसगळतीचा क्रमांक १९०६.

आता माळवद, म्हणजे लाकडी तुळयांवर माती घालून केलेलं सपाट छत. पत्र्याचं घर जळालं तर जे पडायचं ते पडून जातं. माळवदाचं घर फसवतं. बाहेरून भिंती उभ्या, वरची माती जागेवर, जणू वाचलंच. पण माती ज्या तुळयांवर आणि किलचांवर (आडव्या लाकडी पट्ट्यांवर) टेकलेली असते ते लाकूड आत धुमसत राहतं, एकेकदा दोन दिवस. हिशोब करून पाहा: दहा बाय दहाची खोली, वर एक फूट माती, म्हणजे साडेचार टनांच्या आसपास वजन. त्यावर आग विझवताना टँकर रिकामा केलेला, म्हणजे माती भिजून आणखी जड. तुळई निम्मी कोळसा झालेली असते. माणसं आत जातात ती देव काढायला नाहीतर पेटी काढायला, आणि माळवद तेव्हाच बसतं. वरही चढू नका. भिंतीत तुळई जिथे शिरते तिथे बाहेरून हात लावून पाहा. ऊब असेल तर आत निखारा आहे. गवंड्याला बोलावून बाहेरच्या बाजूने टेकू लावल्याशिवाय कुणीही आत जायचं नाही. दगडमातीच्या भिंतीने पोट काढलंय का ते ओळंबा सोडून बघायचं. पोट काढलेली भिंत उतरवावीच लागते.

स्लॅबचं घर असेल तर गिलावा सोडून काँक्रीट बघा. गुलाबी-तांबूस झालेलं काँक्रीट तीनशे अंशांच्या वर तापलेलं असतं आणि त्याची ताकद कमी झालेली असते. हातोडीने हलकं ठोकून पाहिल्यावर पोकळ वाजलं, सळया उघड्या दिसल्या, तर इंजिनीअरच्या लेखी अभिप्रायाशिवाय रंगरंगोटी करून राहायला जाऊ नका.

पंचनामा: इथे शब्दाला पैसे आहेत

केंद्राच्या आपत्ती मदतीच्या निकषांत पूर, गारपीट, भूकंप यांच्याबरोबर आग आहे. त्यामुळे 'ही काय नैसर्गिक आपत्ती नाही' असं तोंडी सांगून कुणी परत पाठवलं तरी तहसीलदारांच्या नावे लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.

२०२२-२३ ते २०२५-२६ या काळासाठी ठरलेले दर असे होते: सपाट भागात पूर्ण नष्ट झालेल्या घराला १,२०,००० रुपये, मग ते पक्कं असो की कच्चं. किमान १५ टक्के पडझड असेल तर पक्क्या घराला ६,५००, कच्च्याला ४,०००. झोपडीला ८,०००. घराला लागून असलेल्या गोठ्याला ३,०००. शिवाय कुटुंबाला कपड्यांसाठी २,५०० आणि भांड्यांसाठी २,५००. माणूस दगावला तर वारसांना ४ लाख. हे दर बदलत राहतात, राज्य आपल्याकडून भरही घालतं, म्हणून अर्ज करताना चालू शासन निर्णय कोणता ते तहसीलात विचारून घ्या.

आता या आकड्यांकडे नीट बघा. कच्चं घर पूर्ण जळालं तर १,२०,०००, झोपडी जळाली तर ८,०००. आपल्याकडे माणूस सवयीने काय म्हणतो? 'साहेब, आमचं छप्पर जळालं.' मातीच्या भिंती, दाराला चौकट, वर पत्रा, आत दोन खण, असं तीस वर्षांचं राहतं घर असतं, पण तोंडात शब्द 'छप्पर', आणि पंचनाम्यात तोच उतरतो. निकषात झोपडी म्हणजे गवत, माती, प्लॅस्टिकचा कागद यांचा, कच्च्या घराहूनही हलका असा तात्पुरता निवारा. भिंती मातीच्या आहेत एवढ्यावरून घर झोपडी ठरत नाही. त्यामुळे पंचनाम्यात 'कच्चे राहते घर, पूर्णतः नष्ट' हे शब्द, भिंती कशाच्या, जोतं किती, लांबी-रुंदी किती फूट, छत कशाचं, खोल्या किती, हे सगळं आलं पाहिजे. जळालं नसताना जळालं म्हणायचं नाही. जे होतं त्याला त्याच्या खऱ्या नावाने लिहून घ्यायचं.

दुसरी अट अशी की घर अधिकृत असल्याचा दाखला लागतो. गावठाणातल्या घराला ग्रामपंचायतीचा नमुना ८, म्हणजे घरपट्टीच्या नोंदीचा उतारा, असतो. शेतातल्या वस्तीवरच्या घराची नोंद बऱ्याचदा कुठेच नसते. अशा वेळी घरपट्टीची जुनी पावती, त्याच जागेचं वीजबिल, सातबाऱ्यावर 'घरपड' (घराखालची जमीन) असा उल्लेख असेल तर तो, मतदार यादीतला वस्तीचा पत्ता, यातलं जे मिळेल ते जोडा. मोबाइलवरच्या उपग्रह नकाशात तुमच्या गटात छत दिसत असेल तर त्याचा स्क्रीनशॉट लगेच काढून ठेवा, कारण नवं चित्र आलं की जुनं छत दिसेनासं होतं.

तिसरी चूक एकत्र घरात होते. दोन भाऊ, दोन चुली, दोन रेशनकार्डं, पण घर एक आणि पंचनामा थोरल्याच्या नावे. कपडे आणि भांड्यांची मदत कुटुंबामागे असते, म्हणून दोन्ही कुटुंबं वेगळी लिहून घ्या.

तलाठी येण्याआधी तुमची तयारी अशी हवी. चारही कोपऱ्यांतून बाहेरचे फोटो, मग प्रत्येक खोलीचे, तारीख आणि ठिकाण दिसेल असे. टेपने मापं. आणि वस्तूंची यादी. यादी करायची रीत सोपी आहे: दारातून आत आल्याची कल्पना करायची आणि उजव्या हाताची भिंत धरून खोलीभर फिरायचं. मांडणीवर काय होतं, फळीवर काय, खुंटीला काय, कॉटखाली काय. हे घरच्या बाईला विचारा. उतरंडीच्या कुठल्या मडक्यात काय होतं हे तिला पाठ असतं. कर्त्या पुरुषाला फक्त टीव्ही आणि मोटर आठवते. धान्य पोत्यांत, कडबा शेकड्यात, खतं-बियाणं पिशव्यांत मोजून लिहा. या सगळ्याला पैसे मिळतीलच असं नाही, पण पंचनाम्यात न लिहिलेली वस्तू पुढे कुठल्याच अर्जात धरली जात नाही.

पोलीस ठाण्यात 'अकस्मात जळीत' म्हणून नोंद होते, तिची प्रत घ्या. अग्निशमनची गाडी आली असेल तर त्यांचा अहवालही अर्ज करून मिळतो. पंचनामा वाचून दाखवल्याशिवाय सही-अंगठा नाही, कोऱ्या कागदावर तर नाहीच. सही झाल्यावर लगेच फोटो काढून घ्या.

आग कशाने लागली

हा प्रश्न पैशाचाही आहे आणि भावकीचाही.

गॅसमुळे लागली असेल आणि कनेक्शन नोंदणीकृत असेल तर तेल कंपन्यांनी काढलेला विमा असतो. ग्राहकाला वेगळा हप्ता भरावा लागत नाही. नोंदणीच्या पत्त्यावरच्या मालमत्तेच्या नुकसानीला एका घटनेत २ लाखांपर्यंत आणि मृत्यूला माणशी ६ लाख, अशा त्याच्या मर्यादा आहेत. त्यासाठी एजन्सीला लगेच लेखी कळवावं लागतं. रेग्युलेटर आणि नळी जिथे सापडतील तिथेच राहू द्या; एजन्सीच्या माणसाने पाहिल्यावरच हलवा.

तारांमुळे लागली असेल तर खांब, लोंबणाऱ्या तारा, खाली पडलेले वितळलेले मणी यांचे फोटो काढा, महावितरणच्या शाखा अभियंत्याला लेखी कळवा आणि विद्युत निरीक्षकांकडे चौकशीचा अर्ज द्या. तारा दुसऱ्याच दिवशी ताणून नीट केल्या जातात, आणि ते बरोबरच आहे, पण त्याआधी फोटो हवा.

शेजाऱ्याच्या पाचटामुळे लागली असेल तर अवघड जागेचं दुखणं. आगीबाबत निष्काळजीपणा हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २८७ खाली गुन्हा आहे. तरीही बहुतेक वेळा गावातच बसून मिटवलं जातं, आणि रोज तोंड बघायचं असल्याने त्यात वावगं काही नाही. फक्त रक्कम आणि तारखा कागदावर घ्या, आणि मिटवण्यासाठी म्हणून कारण खोटं लिहून देऊ नका. 'शॉर्टसर्किट' असं लिहून शेजाऱ्याला वाचवलं आणि महावितरणच्या तपासात लाइनच बंद होती असं निघालं, तर विमा आणि मदत दोन्ही अडकतात.

घरावर कर्ज असेल तर बँकेची फाइल बघायला मागा. कर्ज देताना बँकेने बऱ्याचदा विमा उतरवलेला असतो आणि घरात कुणाला ते ठाऊक नसतं. 'भारत गृह रक्षा' ही २०२१ पासूनची प्रमाण पॉलिसी असेल तर घराच्या विमा रकमेच्या २० टक्के, जास्तीत जास्त १० लाखांपर्यंत, आतल्या सामानालाही संरक्षण असतं. दुचाकी जळाली असेल तर पॉलिसी काढून बघा: फक्त थर्ड पार्टी असेल तर काही मिळत नाही, संपूर्ण विमा असेल तर आगीचं नुकसान त्यात येतं.

राख चाळणं

पंचनामा झाला, जागा गार झाली, की मग राख. सोनं जळत नाही, वितळतं; शुद्ध सोनं १,०६४ अंशांना, २२ कॅरेट त्याहून थोडं आधी, चांदी ९६१ ला. घराच्या आगीत काही जागी एवढी उष्णता होते, काही जागी नाही. म्हणून दागिना अख्खाही सापडतो किंवा मसुराएवढा गोळाही. काळे मणी काचेचे. ते मऊ होऊन एकमेकांना चिकटतात आणि मंगळसूत्राच्या वाट्या त्या डांबरासारख्या गाठीत अडकून बसतात. त्यामुळे काळी गाठ दिसली तर फेकायची नाही.

लोखंडी पेटी किंवा कपाट हाताला पूर्ण गार लागेपर्यंत उघडू नका, किमान एक दिवस. आतले कागद हवेअभावी नुसते करपून राहिलेले असतात. झाकण उघडलं आणि हवा आत गेली की डोळ्यांदेखत भडकतात.

पेटी, देव्हारा, फडताळ कुठे होतं ते घरच्यांना विचारून तिथे दोन-दोन फुटांचे चौकोन दोरीने आखा. राखेवर पाणी शिंपडा, फक्त उडू नये इतपत. जास्त झालं तर चिखल होतो आणि चाळणीतून उतरत नाही. खुरप्याने एकेक चौकोन घमेल्यात घ्यायचा. आधी वाळू चाळायच्या जाड चाळणीतून, मग धान्याच्या चाळणीतून. जे उरलं त्यावरून लोहचुंबक फिरवायचं: खिळे, पत्र्याचे तुकडे निघून जातात, सोनं, चांदी, तांबं, पितळ मागे राहतं. शेवटी परातीत थोडं पाणी घेऊन हलवत धुवायचं, जड तेवढं तळाला बसतं. या कामाला घरातलं एक माणूस आणि घरातल्या सगळ्यांचा विश्वास असलेला बाहेरचा एक, असे दोघं सतत हवेत. सापडलेलं तिथेच वहीत लिहायचं आणि सराफाकडे दोघांनी मिळून वजन करून आणायचं. 'आमच्या वाट्या कुणी नेल्या' हा संशय घराला आगीइतकाच आतून खातो.

जळालेल्या नोटा झटकू नका, सुट्या करू नका. करपून ठिसूळ झालेल्या किंवा चिकटून एक झालेल्या नोटा बँकेच्या शाखेत बदलत नाहीत; त्या रिझर्व्ह बँकेच्या इश्यू ऑफिसात द्याव्या लागतात. पन्नास रुपये आणि त्यापुढच्या नोटेचा ८० टक्क्यांहून मोठा सलग तुकडा असेल तर पूर्ण किंमत, ४० ते ८० टक्के असेल तर निम्मी. मिठाईच्या कडक खोक्यात खाली-वर कापूस घालून ठेवा, नोटा डब्यातच जळाल्या असतील तर बाहेर काढू नका, डब्यासकट न्या.

छत सिमेंटच्या पत्र्याचं असेल तर विशेष काळजी. त्यात बहुधा अ‍ॅस्बेस्टॉस असतं. तापल्यावर तो तडतडून फुटतो आणि बारीक तंतू मोकळे होतात, ते फुप्फुसात गेले की बाहेर येत नाहीत. तुकडे आधी पाण्याने भिजवा, फोडू नका, झाडू मारू नका. एन-९५ मास्क लावून उचला, जाड प्लॅस्टिकमध्ये गुंडाळा. रुमालाने हे तंतू अडत नाहीत. मुलांना जागेपासून लांब ठेवा. राखेत उभे खिळे असतात, पाय फुटला तर धनुर्वाताचं इंजेक्शन त्याच दिवशी.

वितळलेली पाण्याची टाकी आणि पाइप पुन्हा वापरू नका. तापलेल्या प्लॅस्टिकमधून विषारी रसायनं पाण्यात उतरतात, ती उकळून किंवा औषध टाकून जात नाहीत. विहिरीत नुसती राख पडली असेल तर गाळ काढून, साठवलेल्या पाण्यात हजार लिटरला अडीच ग्रॅम चांगली ब्लीचिंग पावडर टाकून अर्धा तास थांबा.

जनावरं

मेलेलं जनावर पुरण्याची घाई होते, वासामुळे आणि दुःखामुळेही. पण मदत हवी असेल तर पशुवैद्यकीय अधिकाऱ्याचं शवविच्छेदन आधी हवं. १९६२ वर फोन करा. कानातल्या बिल्ल्याचा बारा आकडी नंबर लिहून घ्या, बिल्ल्यासह डोक्याचा फोटो काढा. वर सांगितलेल्या निकषांत दुभत्या गाय-म्हशीला ३७,५००, बैलाला ३२,०००, वासराला २०,०००, शेळी-मेंढीला ४,००० असे दर होते. दुभती मोठी तीनपर्यंत आणि शेळ्या-मेंढ्या तीसपर्यंत अशी मर्यादा असते.

वाचलेल्या जनावराकडे तीन दिवस लक्ष ठेवा. धुराने झालेला न्यूमोनिया दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दिसतो. खूर आणि सड तपासा, दोन्ही भाजतात आणि केसांखाली दिसत नाहीत. चाऱ्याचं गणित: चारशे किलोच्या गाईला रोज आठ-दहा किलो सुका ऐवज लागतो. गंजी गेली असेल तर दोन गाईंना महिन्याला पाच-सहाशे किलो कडबा झाला. शेजारच्या पाच वस्त्यांनी प्रत्येकी काही शेकडा पेंढ्या दिल्या तर गाय विकायची वेळ टळते. आगीनंतर महिन्याच्या आत पडेल भावाला विकलेली दुभती गाय परत घ्यायला दोन वर्षं जातात, म्हणून आमच्या मते कपड्यांच्या गाठोड्याआधी कडबा पोचवा.

पत्र्याच्या कोठीत धान्य शाबूत दिसलं तरी धुराचा वास असेल तर खाऊ नका. बियाणं राखून ठेवलं असेल तर शंभर दाणे ओल्या पोत्यात गुंडाळून उगवण बघा. तापलेलं बी दिसतं धडधाकट आणि पेरल्यावर रुसतं.

कागद

याला वाटतो तेवढा वेळ लागत नाही, फक्त क्रम चुकू द्यायचा नाही. सगळ्यात आधी मोबाइल नंबर. सिम जळालं असेल तर त्याच नंबरचं दुसरं घ्या, कारण आधारचा ओटीपी तिथेच येतो. मग आधार डाउनलोड करा. नंबर जोडलेला नसेल तर आधार केंद्रावर अंगठ्याने काम होतं. मदत क्रमांक १९४७. आधार हातात आलं की बँकेत जाऊन पासबुक, आणि तिथेच विचारून घ्या की खातं आधारशी जोडलेलं आणि चालू आहे ना. मंजूर मदत थेट खात्यात येते आणि बंद खात्यावरून परत जाते. मग सहा महिने 'आलेच नाहीत' म्हणत बसावं लागतं.

रेशनसाठी कार्डाची वाट बघू नका, दुकानात अंगठ्यावर धान्य मिळतं. डिजिटल सहीचा सातबारा १५ रुपयांत ऑनलाइन निघतो. खरेदीखताची नक्कल दुय्यम निबंधकाकडून, ती नाही तर किमान 'सूची दोन' (इंडेक्स टू, म्हणजे खरेदीच्या नोंदीचा उतारा). दहावी-बारावीच्या गुणपत्रिकेसाठी शाळेमार्फत पुणे विभागीय मंडळाकडे अर्ज. जातीचा दाखला प्रांताकडून. मतदार ओळखपत्रासाठी फॉर्म ८. जळालेल्या कागदांची यादी पोलीस ठाण्यातल्या अर्जात आधीच घातली तर प्रत्येक ठिकाणी वेगळं प्रतिज्ञापत्र करत बसावं लागत नाही.

हे सगळं करायला एक माणूस नेमा. पाच जणांनी आळीपाळीने नाही, एकानेच. त्याच्याकडे एक वही: कुठल्या कार्यालयात कोणाला भेटलो, काय दिलं, पोच क्रमांक, पुन्हा कधी बोलावलं.

काय द्यावं

जुने कपडे देऊ नका. पहिल्या आठवड्यात ढीग लागतो, त्यातलं निम्मं अंगाला येत नाही आणि तो ढीग उन्हात पडून राहतो. नवे आतले कपडे, बायकांना दोन-दोन साड्या किंवा ड्रेस, पॅड, चपला मापाच्या, माणशी एक सोलापुरी चादर, आणि स्वयंपाकाचं सामान: तवा, परात, दोन पातेली, कुकर, सहा ताटं-वाट्या, पोळपाट, पळ्या, घागर, शेगडी. पाच माणसांना महिन्याला पन्नास-साठ किलो धान्य लागतं, पण एकदम देऊ नका, ठेवायला कोठी नाही. पंधरा दिवसांचं द्या. पाणी माणशी रोज किमान पंधरा लिटर धरा. तीन दिवस शेजारच्यांचा डबा ठीक आहे, चौथ्या दिवशी त्या घरच्या बाईच्या हाताखाली तिची स्वतःची चूल असावी. आयतं जेवण पुढे येत राहिलं की माणसाला आपण निराश्रित झालो असं वाटू लागतं.

पैसे गोळा करायचे तर नवरा-बायकोच्या जोड खात्यात थेट. कुणा तिसऱ्याच्या क्यूआर कोडवर नको, तो माणूस कितीही भला असला तरी. आणि सगळे एकदम नको. निम्मे आत्ता, निम्मे घराच्या जोत्याला.

बचत गटाचे आणि फायनान्सचे हप्ते आग लागली म्हणून थांबत नाहीत. वसुलीचा दिवस उजाडायच्या आत पंचनाम्याची प्रत जोडून शाखेत मुदतवाढीचा लेखी अर्ज द्या. एक हप्ता भरायला दुसरीकडून कर्ज काढणं हा या सगळ्यातला सर्वांत वाईट मार्ग आहे.

मुलांना लांबच्या गावी मामाकडे पाठवून देऊ नका, निदान फार दिवसांसाठी नको. आई-बाप डोळ्यांसमोर असले की ती लवकर सावरतात. रात्री दचकणं, अंथरूण ओलं करणं, चुलीजवळ न जाणं हे काही आठवडे चालतं, रागावू नका. महिना-दीड महिन्यानंतरही झोप लागत नसेल, मग मूल असो की बाप, तर १४४१६ या टेली-मानसच्या क्रमांकावर मराठीत बोलता येतं.

छप्पर मृगाच्या आत

कायमचं घर वर्षभरात होईल. ग्रामीण घरकुलाला केंद्राच्या योजनेत १,२०,०००, शौचालयाला १२,००० आणि रोजगार हमीतून ९० दिवसांची मजुरी, असा आजवरचा ढाचा आहे. शिवाय रमाई, शबरी, मोदी आवास या राज्याच्या योजना. ग्रामसभेत ठराव घेऊन नाव पुढे पाठवा. पण सात जूनच्या आत डोक्यावर पत्रा हवा, आणि त्याआधीचा वळीव सांगून येत नाही.

दहा बाय पंधराच्या शेडला दोन इंची जाडीचे सहा लोखंडी पाइप, प्रत्येक दोन फूट खोल खड्ड्यात, खाली खडी-सिमेंट. इथेच हलगर्जी होते: पाइप नुसते मातीत ठोकतात आणि पहिल्या वावटळीत शेड शेजारच्या रानात जाऊन पडतं. बारा फुटी पत्रे सात-आठ, एकमेकांवर दोन नाल्या चढवून. पत्रा आवळणारा जे-हुक नालीच्या उंचवट्यावर बसवायचा, खोलगटात नाही, आणि खाली रबरी वॉशर. नाहीतर पाणी हुकाच्या भोकातूनच गळतं. कडेच्या ओळीत प्रत्येक दुसऱ्या नालीला हुक हवा, कारण वारा पत्रा कडेने उचलतो. बेचाळीस-त्रेचाळीस अंशांत पत्र्याखाली बसवत नाही म्हणून लोक वर पाचट किंवा तुराट्या टाकतात. ज्यांचं घर नुकतंच जळालंय त्यांच्या डोक्यावर पुन्हा तेच जळण नको. पत्र्याला चुन्याचे दोन हात द्या आणि फूटभर वर ग्रीन नेट ताणा. आंघोळीला आडोसा पहिल्याच दिवशी करा, वस्तीवर बायकांची सर्वांत मोठी अडचण तीच असते.

नवी गंजी रचाल तेव्हा घरापासून किमान साठ फूट लांब, मधली पट्टी नांगरलेली. घराभोवती पाच फुटांत वाळलेलं काहीच नको: ना सरपण, ना तुराट्या, ना पोती.

आणि पहिला मोठा पाऊस पडेल त्या संध्याकाळी कुणीतरी त्या शेडवर चक्कर मारा. पत्रा कुठे गळतो, पाणी कुठल्या बाजूने आत येतं ते बघा; सोबत चार जे-हुक, मूठभर वॉशर, डांबरपट्टी आणि फावडं न्या.